वैशाखीचं गाणं

३ फेब्रु. २००८
आमची सीडी आली. नऊ गाणी, मिळून एकच गोष्ट, नाटकासारखी. प्रियकर गातो, त्याचा मित्र गातो, शेजारची म्हातारीसुद्धा. शेवटी 'शाप', नुसते ड्रम आणि किंचाळणं. नायिका वैशाखी. गिटारवाला आसिफ म्हणाला, "अख्ख्या तळेगावाला कळंल कोण ती." हसण्यावारी नेलं. गावातल्या वैशालीनं मला नाही म्हटलं होतं, एवढंच. गोष्टीत तिला दगाबाज केलं.

९ फेब्रु.
कंपनीत, कँटीनला वाजवली. लाइनवरचा बिहारी दोस्त: "समझा नहीं, पर रुला दिया भाई." सुपरवायझर: "एवढं काळंकुट्ट? लग्नात वाजंल असं कर की." पोरांना फक्त 'शाप' पाहिजे. ब्लूटूथनं सगळ्यांच्या मोबाइलवर गेला. दिवसभर फुगलेलो.

१७ फेब्रु.
आसिफचा फोन. वैशाली शिरूरला कॉम्प्युटर क्लासला जाते. स्टँडवर पोरं तिला बघून 'शाप'मधली ओळ ओरडतात, "वैशाखी, जळशील!" रोज. तिच्या आप्पांनी क्लास बंद केला.


१८ फेब्रु.
शिरूर स्टँड. पोरांना म्हटलं, बंद करा हे. एकानं ओळखलं. "दादा, तुमीच का ते? एक नंबर! असल्या पोरींना असंच पायजे." हात पुढं केला. मी मिळवला. मिळवला!

२४ फेब्रु.
तिच्या घरी गेलो. आप्पा ओट्यावर. बस म्हणाले नाहीत. "तिनं तुला फसवलं व्हतं का?"
"न्हाई, आप्पा."
"मग?"

वैशाली बाहेर आली. "सगळी लाव. मी निस्तं ओरडणंच ऐकलंय." आप्पांसमोर लावली. माझाच आवाज, आणि मान वर करता येईना. संपल्यावर म्हणाली, "म्हातारीला बी गाणं हाय. मला एक बी न्हाई. मी न्हाई का म्हणले, कवा इचारलंस?"
कधीच नाही.

२ मार्च
पुण्याच्या एका कॉलेजात शनिवारी कार्यक्रम. 'शाप' हवाच म्हणतात. आसिफ: "मी वाजवणार न्हाई." मी अजून काही कळवलं नाही.
दुपारी वैशालीच्या घरी फोन केला. आप्पांनी उचलला. तिला हाक मारली. विचारलं, तेव्हा नाही का म्हणालीस?
"हे गाण्यासाठी इचारतोस, का तुझ्यासाठी?"
मी फोन कानालाच धरला. तिनंही फोन ठेवला नाही.