हौदा किती फुटांचा?

मंगळवार, ४ जून

नॉर्बने आज पुन्हा तेच काढलं. कोबी-खिम्याचा बन अर्धा तोंडात, अर्धा हातात, आणि म्हणे — "अर्डिस, आता फक्त पिकअप घ्यायची राहिली. ऑगस्ट संपायच्या आत निघायचं."

ट्रेलर तर आणून ठेवलाच आहे! चाकांवरचं घर म्हणे. बत्तीस फुटांचं हे धूड माझ्या लायलॅकच्या झुडपांपुढे आडवं पडलंय, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता फक्त पांढरा पत्रा दिसतो. खरं घर भाड्याने द्यायचं, शाळेत नवीन बाई येताहेत त्यांना. आणि आपण ट्रेलर ओढत पश्चिमेला, पार समुद्रापर्यंत. किती दिवस? एक वर्ष. "फार तर दोन." माझ्या नवऱ्याने साखर कारखान्यात एकेचाळीस वर्षं काढली, कधी समुद्राचं नाव घेतलं नाही. या वर्षी मात्र नाश्त्यालाही समुद्र.

मला जायचं नाही. कुठेच नाही. घ्या, लिहिलं एकदाचं! तोंडाने सांगता येत नाही, कारण एप्रिलमध्ये मीच "जाऊ या की" म्हणाले होते. बाहेर बर्फ होता, वाटलं वितळेपर्यंत विसरेल. माझी गुरुवारची पत्त्यांची मंडळी, माझा आंबट देठांच्या रूबार्बचा वाफा, माझी शेगडी. सदुसष्टाव्या वर्षी मी हे सोडून पत्र्याच्या डब्यात कशाला राहू?

गुरुवार, ६ जून

देव आहे! आणि तो शेजारच्या लीलंडच्या रूपात येतो.

लीलंडच्या पिकअपची मागची काच दोन हिवाळे फुटलेली होती, पुठ्ठा लावून फिरायचा. विचारलं की सांगायचा, गारा पडल्या. फक्त मागून पडणाऱ्या गारा! आज पत्त्यांच्या टेबलावर त्याच्या बायकोने सगळं ओकून टाकलं. त्याच्या पिकअपचा मागचा हौदा आखूड, साडेपाच फुटी. आणि आमच्यासारख्या ट्रेलरचं नाक हौद्यावर येतं, जोड हौद्यातच बसवलेली असते. सरळ रस्त्यावर काही होत नाही. पण रिव्हर्स घेताना काटकोनात वळवलं, की नाकाचा कोपरा थेट मागच्या काचेत. तळ्याकाठी तेच झालं. मागे उभी राहून हात हलवत होती ती हीच. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

घरी आले तर नॉर्बच्या यादीत तीन पिकअप. तिन्हींचे हौदे साडेपाच फुटी! मी पर्स खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, आखूड हौद्याची गाडी या घरात येणार नाही, काच फुटून माझ्याच मानेत घुसायची.

त्याने यादी पुढे ओढली. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि तिन्ही नावांवर काट मारली. याच्याशी भांडायचं तरी कसं, ते चव्वेचाळीस वर्षांत मला जमलेलं नाही.

शनिवार, ८ जून

तीन गाड्या कटाप. समुद्र तिथेच आहे, कुठे पळत नाही.

बुधवार, १२ जून

गाड्यांच्या दुकानात गेलो. विकायला कोल्बी. शाळेच्या खानावळीत माझ्याच हातचं जेवून वाढलेला — वाटाणे रुमालात गुंडाळून टाकून द्यायचा, मला अजून आठवतं. आता टाय लावतो.

त्याने आठ फुटी हौदा दाखवला. म्हणे, काकू, हा घ्या आणि निर्धास्त राहा, कितीही वळवा, काचेला धक्का लागणार नाही. नॉर्बने माहितीपत्रक हातात घेतलं, इकडे-तिकडे फिरवलं आणि माझ्याकडे दिलं. "तू वाच. तुझा आवाज छान आहे." चर्चच्या गाण्यात तिसऱ्या रांगेत बत्तीस वर्षं उभी आहे मी, तेव्हा नाही कोणाला सुचलं! पण वाचलं. लांबी वाचली आणि मनातल्या मनात टाळी वाजवली.

घरी येऊन गॅरेज मोजायला लावलं. टेप नॉर्बने धरली, आकडा मी वाचला. साडेएकवीस फूट. चार दारांची, आठ फुटी हौद्याची पिकअप आत घातली तर आठ इंच बाहेर. मी म्हटलं, दार लागणार नाही, हिवाळाभर बर्फ गॅरेजमध्ये. तो म्हणाला, हिवाळ्यात आपण इथे नसूच. मी म्हटलं, परत तर येणार ना? आणि वाटेत मुक्कामाच्या, झाडांमधल्या अरुंद तळांवर एवढी लांब गाडी आणि मागे बत्तीस फूट, कशी वळवशील?

"बरोबर आहे तुझं."

शुक्रवार, १४ जून

कोल्बीचा फोन. दोन दारांची घ्या म्हणतो, हौदा आठ फुटी राहील आणि गाडी गॅरेजात मावेल. मी म्हटलं, मग मागची सीट गेली. माझा कोट, विणकामाची पिशवी, दोघांच्या छत्र्या कुठे ठेवू, मांडीवर? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. माझी आत्ता कुठे चार झालीत.

रविवार, २३ जून

पाद्रीबुवांनी आज खोटेपणावर प्रवचन दिलं. मी स्वस्थ ऐकलं. खोटं मी एकही बोललेले नाही. प्रत्येक आकडा खरा आहे, मोजून घ्या!

शुक्रवार, ५ जुलै

नॉर्बने आपलीच टपालपेटी उडवली. भर दुपारी, अंगणातून गाडी मागे घेताना. म्हणे ऊन डोळ्यांवर आलं. हल्ली माझ्याशी बोलतानाही मान तिरकी करून कोंबडीसारखा एका बाजूने बघतो. मी तसं बोलून दाखवलं तर हसला, पण जरा उशिराच हसला. नवी पेटी मीच बसवली. हा शेजारी उभा राहून स्क्रू हातात देत होता, त्यातले दोन गवतात पाडले. सत्तरी आली की पुरुष असेच होतात, लीलंडची बायको म्हणते.

मंगळवार, ९ जुलै

साडेसहा फुटी! दगडापेक्षा वीट मऊ म्हणून कोल्बीने शेवटी मधली काढली. गॅरेजात मावते, वर दहा इंच उरतात. चार दारं, मागे सीट. नॉर्बचा चेहरा असा फुलला की वाटलं, आता निघावंच लागतंय.

पण मी काय कच्च्या गुरूची चेली आहे का? ग्रंथालयात दोन दुपारी बसून सगळं वाचलंय. विचारलं, एवढ्या हौद्यात तंग वळण घ्यायचं तर सरकती जोड लागते ना? लागते, म्हणाला. मग दर वेळी वळायच्या आधी कोणीतरी खाली उतरून दांडा ओढायचा, ट्रेलर मागे सरकवायचा, वळून झालं की पुन्हा पुढे आणायचा. पावसात कोण उतरणार?

"मी उतरीन," नॉर्ब म्हणाला.

आणि त्या जोडीचं वजन किती? ते हौद्याच्या वजनातूनच कापलं जाणार. कोल्बीला पुस्तक उघडावं लागलं. उत्तर मीच सांगितलं. तो म्हणाला, "काकू, इथे नोकरी धरा तुम्ही, मी घरी जातो."

नॉर्ब मात्र हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, की गाडी एक दिवस ट्रेलरसकट चालवून बघायला मिळेल का.

गुरुवार, १८ जुलै

आज पत्ते बुडवले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

जत्रेच्या मैदानात नेलं आम्हाला. साडेसहा फुटी पिकअप, मागे आमचं धूड. कोल्बीने पिंपं मांडली, त्यांच्यामधून रिव्हर्स घ्यायचा. मला वाटलं, नॉर्ब दोन पिंपं आडवी करेल आणि विषय संपेल. तर हा म्हणतो, "आधी तू."

बसले. आणि हाताला सगळं आठवलं! अकराव्या वर्षापासून बापाच्या बीटच्या गाड्या मागे घेत होते मी, एकीला एक जोडलेल्या दोन-दोन. स्टीअरिंग उलटं फिरवायचं, घाई करायची नाही, आरशातून चाकावर नजर. एका दमात पिंपांमधून आत. काचेपासून नाक चांगलं हातभर लांब. कोल्बीचा जबडा लटकला. नॉर्बने टाळ्या वाजवल्या, मैदानात एकटाच उभा राहून. मला रडूच यायचं बाकी होतं, कशाचं कोण जाणे.

त्याची पाळी आली तर म्हणे, "माझं काय बघायचं? चालवायचीस तूच." आळशी कुठला! समुद्र याला हवा आणि ड्रायव्हर मी.

परत येताना मीच चालवली. हमरस्त्याच्या फाट्यावर पश्चिमेची पाटी होती. क्षणभर — एकच क्षण — वाटलं, वळवावी का? मग शेगडीवर ठेवलेला घेवडा आठवला आणि घरी आले.

शनिवार, २७ जुलै

आक्षेप संपले. वही दोनदा चाळली. लांबी झाली, वजन झालं, वळण झालं, गॅरेज झालं.

कोल्बी संध्याकाळी कागद घेऊन घरी आला. सही तेवढी करायची. मी म्हटलं, रंग आवडला नाही.

नॉर्ब आज "बरोबर आहे तुझं" म्हणाला नाही. उठून भांडी घासायला गेला. एकच बशी घासत राहिला. कोल्बीला मी उरलेला केक बांधून दिला आणि लवकर वाटेला लावलं. आजचं माझं वागणं हलकं होतं, मलाही कळतं.

शुक्रवार, २ ऑगस्ट

जिंकले!

सकाळी कॉफी ओतताना नॉर्ब म्हणाला, "राहू दे, अर्डिस. हौदा बारा फुटांचा केला तरी तुला यायचं नाही. मला कळतं गं." कॉफी थोडी कपाबाहेर सांडली, ती त्याने पुसली नाही. ट्रेलर लीलंडच्या मेव्हण्याला विकायचा. शाळेच्या बाईंना मी आजच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

रूबार्बचा केक केला, साय घालून, आईच्या पद्धतीचा. तीन तुकडे मीच खाल्ले.

गुरुवार, ८ ऑगस्ट

पत्त्यांत सलग चार डाव जिंकले. घरी येऊन सांगितलं तर नॉर्ब म्हणाला, छान. मागच्या पायरीवर ट्रेलरकडे तोंड करून बसला होता. दिवसभर तिथेच असतो. जिंकून एवढं बेचव वाटेल असं वाटलं नव्हतं.

बुधवार, १४ ऑगस्ट

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. बाई म्हणाली, शुक्रवारच्या इंजेक्शनला मिस्टर होल्ट्झना एकटं पाठवू नका, मागच्या खेपेला परत जायला त्रास झाला त्यांना. मी विचारलं, कसलं इंजेक्शन?

नॉर्बला जानेवारीपासून माहीत आहे. उजवा डोळा गेल्यात जमा. डाव्यातही मधोमध डाग वाढत चाललाय. पुढच्या उन्हाळ्यात माझा चेहरा दिसेल की नाही, डॉक्टर खात्री देत नाहीत. मी ओरडले त्याच्यावर — सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू कीव येऊन आली असतीस. मला तू हौसेने यायला हवी होतीस."

दहा आठवडे मी इंच मोजत बसले होते.

कोल्बीचं दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती. फाटकाशी उभी होती तीच पिकअप घेतली. लीलंडच्या मेव्हण्याला कळवलं, ट्रेलर विकायचा नाही. इंजेक्शन शुक्रवारी, निघायचं सोमवारी. गाडी मी चालवणार. हौदा किती फुटांचा आहे, विचारलं नाही.