विरोधी पक्षाचा हात

प्रिय बाबा,

आत्याकडे सायकलींची पंक्चरं काढताय म्हणे. टायरला भाषण देऊ नका, भरलेली हवा जाईल.

इकडची खबर अशी. तुमची जीप आता नव्या सेक्रेटरीसाहेबांना मिळालीय. पण ड्रायव्हरकाका आपल्या गल्लीच्या तोंडाशी अजून दोनदा हॉर्न वाजवतात, तुम्ही घरी यायचात तेव्हासारखा. साहेब विचारतात, कशाला? काका म्हणतात, कुत्रं आडवं आलं. ते कुत्रं म्हणजे मी, हॉर्न ऐकला की धावत जाते ना! समोरच्या काकू तुम्ही दिसलात की कमरेत वाकायच्या, आता त्यांची मान आखडलीय. मी त्यांच्या दाराला बाहेरून कडी लावली. एकदाच. बरं, दोनदा.

तुम्ही गिरणीतून यायचात तेव्हा केसांत कापूस असायचा, मी तो वेचायचे. मग युनियन आली, मग कम्युनिस्ट पक्ष, मग अख्ख्या जिल्ह्याचे सेक्रेटरी. कापूस गेला, मागोमाग केसही गेले. घरातला नियम तेवढा राहिला, काहीही ठरवायचं तर हात वर करून. भाजी कुठली, भांडी कोण घासणार, सगळंच. मी कायम विरोधात, वर मांजरीचा पंजा धरून मत वाढवायचे. तुम्ही माझं नावच पाडलंत, विरोधी पक्ष. आणि मी हरले की सांगायचात, ठरलं की ठरलं, मग कुरकुर नाही.

गिरणी बंद करायचा हुकूम पक्षात वरून आला तेव्हा भर सभेत तुम्ही एकटे उभे राहून नाही म्हणालात. मला कसलं भारी वाटलं! म्हटलं, माझ्यात हे कुणाकडून आलंय ते कळलं. पण मग तुम्हाला पदावरून काढायचा ठराव आला आणि एकमत मोडू नये म्हणून तुम्हीही हात वर केलात. आई म्हणाली, पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ पाहिले, हात वर करून मारून घेणारा हा एकच. एवढं बोलून तिनं तुमचा सदरा धुवायला घेतला. धुतलेलाच होता.

आत्या सांगते, तुम्ही म्हणता, मी तिथं नकोच, पोरांना लोक टोमणे मारतील. हे कुणी ठरवलं? कुठल्या सभेत?

म्हणून काल जेवणं झाल्यावर आम्ही सभा घेतली. अध्यक्ष आई. ठराव एकच, बाबांनी घरी यावं. आईचा हात वर. धाकट्यानं दोन्ही केले, एकच धरला. आणि माझाही वर, जन्मात पहिल्यांदा. मांजरीची गरजच पडली नाही. ठराव एकमतानं मंजूर झालाय, बाबा. आता कुरकुर नाही.

तुमचीच,
विरोधी पक्ष