तेंदूपत्त्याचे पुडे

कानो, नायजेरिया
मार्च १९८४

बाबा, जयभीम.

पोरगी परदेशात इंग्रजी शिकवते, असं तुमी अख्ख्या गोंडपिपरीले सांगता. इथी पहिलीतली पोरं बाकावर नाचतात. मी ‘सिट डाऊन’ म्हणते, तर तेही ‘सिट डाऊन’ म्हणून आणखी उड्या मारतात. एक तर मले चावला. माझ्याआधीच्या मॅडमले पोरं आवरली नाईत, म्हणून शाळेनं वापस पाठवलं. मलेही तसंच पाठवतील, तेवढीच आस होती.

पण परवा मी रडकुंडीले आली. आंगणातला पाला तोडला आन् लहानपणी आईसंगं मजुरीवर बिडीच्या तेंदूपत्त्याचे बांधत होती, तसे पुडे बांधत बसली. पोरं गुपचूप जवळ आली. पानं मोजता मोजता इंग्रजी आकडे शिकली.

हेडमास्तर लय खूश झाले. मले न विचारता करार दोन वर्षं वाढवला. माझा पासपोर्ट त्याईच्याच कपाटात आहे.

"तुह्या हातानं पुडे बांधू देनार नाई," म्हणून तुमी मले शिकवलं ना, बाबा?

हे पत्र मी टाकत नाई. दुसरं लिहीन, पोरं शांत झाली, हेडमास्तर खूश आहेत. त्यातलं काईच खोटं नाई.

तुमची,
विशाखा मॅडम