बाबांच्या नावाची हार्ड डिस्क

आसेगाव
१९ जानेवारी

प्रिय अश्वजित,

हे ‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलंय, त्यावर जाऊ नकोस. मी तुझ्यावर चिडले आहे. तीन महिने चिडलेलीच आहे, आणि फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणून म्हणून आता माझंच डोकं फिरायची पाळी आलीय. फोनवर तू लगेच ‘ताई, ऐक ना’ सुरू करतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून कागद.

लॅपटॉप छान चालतोय. आधी बटण दाबून चहा ठेवायचा, पिऊन कप विसळायचा, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. आता बारा सेकंदांत सुरू होतो. शाळेत रंजीता मॅडम विचारतात, कुठून करून आणला? मी सांगते, भावानं केला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुण्याहून आला, बॅगेतून एवढीशी नवी एसएसडी काढली, ओसरीत स्क्रू खोलत बसला आणि दुपारपर्यंत अख्खं विंडोज जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर नेलं. भाऊ इंजिनीयर आहे ना माझा! असं कौतुक करताना मला स्वतःचाही राग येतो.

मी विचारलं होतं, सगळं जसंच्या तसं येतं ना? हो म्हणालास. नवी डिस्क लहान होती, म्हणून तू फक्त सी ड्राइव्ह नेलास. डीमध्ये एकच फोल्डर होतं, ‘दवाखाना’ नावाचं. ओसरीतूनच ओरडलास, ‘ताई, रिपोर्टचे कागद आहेत ना आपल्यापाशी?’ मी पीठ मळत होते. म्हटलं, आहेत, पेटीत आहेत. ते उत्तर माझं आहे, मी नाकारत नाही. पण उघडून बघायला किती वेळ लागला असता रे? तुला ते नाव बघूनच नको वाटलं असेल, कारण बाबांवर उपचार झाले त्या दवाखान्याचं दारसुद्धा तू पाहिलेलं नाहीस. तुझी भीती मला कळते. पण ती बाबांना भोवली.

आता त्यात काय होतं ते वाच. नागपूरला बाबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा तुझ्या कंपनीत कसलंसं रिलीज होतं, तू आला नाहीस. ऑपरेशनच्या आधीचे नऊ दिवस मी त्यांचा आवाज रेकॉर्ड करत होते. फोन भरला की लॅपटॉपवर त्याच फोल्डरमध्ये टाकायचं आणि फोन रिकामा करायचा. तीस वर्षं विहारात ज्या आवाजात त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, तो आवाज. भीमजयंतीची गाणी. शेळीला घातलेल्या शिव्या. आईला ‘भागिरथे, पानी दे वं’ म्हणणं. तू शाळेच्या मैदानावर खेळायचास तेव्हा मारायचे ती हाकही, ‘आशू, जेवाले ये बे!’ ती त्यांनी आपणहून दोनदा मारली, कारण पहिल्यांदा आवाज फुटला. ऑपरेशननंतर आवाज गेला, बोलणं पाटीवर लिहून सुरू झालं, आणि रोज सकाळी अर्धा तास ते स्वतःला ऐकायचे. ऐकतात हे तुला माहीत होतं. ते सगळं कुठे ठेवलंय, हे तू कधी विचारलं नाहीस.

आणि पुसून टाकलेली ती डिस्क तू काय केलीस? विहाराच्या सीसीटीव्हीची डिस्क बिघडलीय असं समितीचे धम्मरत्नकाका म्हणाले, तर लगेच नेऊन बसवून दिलीस. माइकवरून पुकारलं, ‘देवमनभाऊच्या नावानं अश्वजितकडून विहाराले दान!’ बाबा पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते, डोळे भरून आले होते त्यांचे. मीही टाळ्या वाजवल्या. आता त्या डिस्कवर विहाराचं फाटक दिसतं. लोक चपला काढतात, एखादी गाय येऊन उभी राहते.

तू परत गेलास, त्याच्या दुसऱ्या सकाळी बाबा ऐकायला बसले आणि कळलं. मी तशीच उठले, काकांकडून डिस्क काढून आणते म्हणाले. बाबांनी माझा हात धरला आणि पाटीवर लिहिलं, ‘देल्लेलं दान वापस मांगत नाई.’ आई म्हणाली, जाऊ दे वं पोरी. महिनाभर मी गप्प बसले. मग बाबांच्या नकळत काकांना गाठलं, डिस्क वाशिमला नेली. दुकानातल्या माणसानं दोन दिवस खटपट केली आणि सांगितलं की पहिल्या एक-दोन दिवसांत आणली असती तर काही निघालं असतं. आता सगळीकडे फाटकच आहे. तू दिलेलं तू मागितलं असतंस तर काकांनी हसत दिलं असतं. पण तुला सांगायची मनाई होती. पाटीवर खालच्या ओळीत तेच लिहिलं होतं, ‘आशूले सांगू नको, पोरगं मनाले लावून घेईन.’

काल रविवारी तू व्हिडिओ कॉल केलास. बाबा हेडफोन लावून बसले होते, मान डोलावत होते, मांडीवर बोटांनी ठेका धरला होता. तू हसून म्हणालास, ‘बाबा मजेत ऐकून राह्यले न ताई?’ मी फोन धरून उभी होते. तुझ्या फोनची वेळ झाली की ते मला दर रविवारी लॅपटॉप उघडायला लावतात, आणि त्यांच्या कानात काहीच वाजत नसतं, अश्वजित. तू फोन ठेवलास की हेडफोन काढून भिंतीकडे तोंड करून निजतात. ते हे तुझ्यासाठी करतात आणि तुला दाखवायला मी उभी असते. आजवर त्यांचा शब्द मोडला नव्हता, आज मोडला. येत्या रविवारी मी फोन धरणार नाही. तू ये, आणि त्यांच्यासमोर बसून सांग की तुला कळलंय, म्हणजे त्यांना हे करावं लागणार नाही.

तुझीच, पण राग न गेलेली,
पल्लवीताई