टबातली एकटी

तारीख १४, गुरुवार

थोरलीच्या आईस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा दुखतो, पण तो दुखणारच. मांजर खातंपितं. थोरली सकाळ-संध्याकाळ डोकावते आणि माझ्या हातचा चहा पिऊन तोंड वाकडं करते. झिंगे पकडायचे सापळे विणायला शिकवायचे म्हणून तू आठवडाभरासाठी तळी वाचवणाऱ्यांच्या केंद्रावर गेलीस, त्याला आता दुसरा महिना संपत आला. शिकणाऱ्यांचे हात इतके जड कसे, याचं मला नवल वाटतं.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. त्यात 'डॉक्टर म्हणतात' किती वेळा आलंय ते मी मोजलं नाही. थोरलीने मोजलं आणि खूप हसली. माणसांचा डॉक्टर असता तर समजून घेतलं असतं. हा तर क्रेफिशचा, नांगीवाल्या झिंग्यांचा. त्याला तू लोकरीची टोपी विणून दिलीस म्हणे. थंडी इकडेही पडते.

असो. मुद्द्याचं लिहितो.

तू कपडे न्यायला त्याच्या जीपमधून आली होतीस, तो दिवस आठव. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बादली ठेवली आणि मला म्हणाला, "आजोबा, ही परकी जात. कुणीतरी हौसेने काचेच्या पेटीत पाळली, कंटाळा आला तेव्हा तळ्यात सोडली. पाण्यातलं गवत, माशांची अंडी, बेडकांची पिल्लं, काही शिल्लक ठेवत नाही. बांध पोखरते. तिच्या अंगावरच्या बुरशीने इथली मूळची जात मरते. आणि हिच्यात नर नसतोच. एकटी मादी तळं भरून टाकते."

मला आजोबा आणि तुला ताई. हे नातं कसं लावायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

त्यावर तू म्हणालीस, "ऐकलंत का, यांचं नवऱ्यावाचून काही अडत नाही!" दोघंही हसलात. माझं तोंड बघून तो थांबला. तू नाही थांबलीस.

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण जन्म तळ्याकाठी गेला आहे. नराशिवाय पिल्लं होतात हे मला काही पटेना. हा तुला गुंडाळतोय असंच वाटलं. तुम्ही आतल्या खोलीत लोकर शोधायला गेलात तेव्हा मी बादलीतली एक उचलली. लहानशीच होती, बोटाएवढी. मागच्या दारी कपड्यांच्या टबात टाकली, वर फळी ठेवली. ती एकटी तशीच राहिली की टब घेऊन केंद्रावर यायचं, सगळ्यांसमोर ठेवायचा आणि तुला घरी घेऊन यायचं, असं ठरवलं होतं.

मी तिला उकडलेला बटाटा घालत होतो. तिने कात टाकली आणि ती स्वतःच खाल्ली. मोठी झाली. मग एकदा शेपटीखाली काळे दाणे दिसले. मला वाटलं, घाण असेल. पण ती शेपूट हलवून त्या दाण्यांवर सारखं पाणी खेळवत होती. पुढे दाण्यांना पाय फुटले.

तेव्हाच तुला कळवायला हवं होतं. पण कळवायचं म्हणजे डॉक्टरांचं खरं ठरलं असं माझ्या हाताने लिहायचं, आणि तो हात चालेना.

परवा दुपारी पाऊस कोसळला. फळी सरकली, टब भरून वाहिला. थोरली धावत आली.

"बाबा, टबात काय पाळलंत?"

"काही नाही."

"काही नाहीला नांग्या असतात का?"

मोठी टबातच होती, शेपटीला चारदोन पिल्लं धरून. बाकीची पाण्याबरोबर नालीत गेली. आपली नाली पलीकडच्या तळ्याला मिळते, हे तुला सांगायला नको. ही जात अजून पोचली नाही असं तेवढं एकच तळं उरलंय. आपल्या इथली मूळची जात तिथेच काय ती जगून आहे. ते वाचवायलाच तुम्ही सगळे झटताय.

"आईला तुम्ही कळवता की मी कळवू?" थोरलीने विचारलं. मी कळवतो म्हणालो.

नालीत गोणपाट कोंबलं आहे आणि चाळणी घेऊन मी तिथेच बसून असतो. नखाएवढी पिल्लं सापडतात, ती मारतो. तळ्यापर्यंत एखादं गेलं की नाही ते या डोळ्यांना दिसत नाही. एखादं पुरतं, एवढं आता मला समजलं आहे.

तेव्हा तू ये. बारीक विणीचे सापळे आण, ते तुझ्याशिवाय कुणाला जमत नाहीत. डॉक्टरांनाही आण. त्यांच्यासाठी मागची खोली झाडून ठेवली आहे. जीपमध्ये त्यांच्या शेजारी पुढे बसलीस तरी मी काही बोलणार नाही. ते मला बोलतील ते ऐकून घेईन. पण तुला रागवायचं असेल तर इथे येऊन रागाव. राग पत्रातून धाडू नकोस. नुसतं पत्र आलं तर मला वाटेल, तू येत नाहीस.

नालीशी बसून वाट बघणारे,
थोरलीचे बाबा