उजवा घोटा, आणि तू न येण्याबाबत

बनशंकरी, बंगळुरू
बुधवार

ती. सुलभामावशीस शमिकाचा नमस्कार.

तुझे गुडघे, काकांची साखर आणि शेजारणीशी पुन्हा सुरू झालेलं तुझं बोलणं, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझ्या आवाजावरून निष्कर्ष काढतेस आणि ते बरोबर निघतात. म्हणून हाताने लिहून फोटो पाठवते आहे. (अक्षरावरूनही काही ठरवू नकोस. पाय उशीवर ठेवून लिहिलं की ओळी खाली घसरतात.)

रविवारी तू विचारलंस, "मी येऊ का?" मी लगेच "गरज नाही" म्हटलं. त्यावर तू म्हणालीस, "नीट विचार कर आणि शुक्रवारपर्यंत सांग. योगवर्गाच्या बायका चिखलदऱ्याला निघाल्यात, माझं नाव घालायचं की नाही ते ठरवायचंय." मी विचार केला. उत्तर बदललेलं नाही. पण नुसतं उत्तर तुला पुरणार नाही, म्हणून घडलं ते सगळं सांगते.

माझ्या घरमालकीण कृष्णाबाई तुला माहीत आहेत (ज्यांनी मागच्या वेळी तुझ्याकडून गोळाभाताची कृती घेतली आणि त्यात नारळ घातला). त्यांचं घराणं तीन पिढ्या इथलं. घरात मराठी बोलतात, भाजीवाल्याशी कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांच्या सुनेची पहिली मंगळागौर होती. मी फक्त त्यांचं ताट परत द्यायला खाली गेले होते. फुगडीला एक जण कमी पडत होती. कुणीतरी मला विचारलं, "तुम्हाला येते का हो?" आणि मी खरं उत्तर दिलं.

येते, कारण तू शिकवली होतीस. आई दवाखान्यात होती त्या श्रावणात तू सोफा भिंतीला लावायचीस आणि रोज संध्याकाळी, दवाखान्यातून फोन यायच्या वेळेला, मला गरगर फिरवायचीस. मला तेव्हा वाटायचं की तुलाच फुगडीची भारी हौस आहे.

असो. फुगडीत दोघींच्या मधल्या एका बिंदूभोवती दोघी फिरतात आणि जी वजनाने कमी तिचं वर्तुळ मोठं असतं. कृष्णाबाई उंचीला माझ्या खांद्याला लागतात, वजनाला मात्र मी त्यांना लागत नाही. त्यामुळे त्या जवळजवळ जागेवरच होत्या आणि सगळा प्रवास मी करत होते. वेगही त्यांचाच होता. मी "बास, बास" म्हणत होते, आणि बायकांना वाटलं हा उखाण्याचा भाग आहे. एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. कृष्णाबाईंनी सवयीने माझा एक हात सोडला आणि शिट्ट्या मोजायला मान वळवली. माझा उजवा पाय आतल्या बाजूला दुमडला. "अय्यो! स्वल्प आधी सांगायचं की, आवरत नाही म्हणून!" असं त्या म्हणाल्या. बसल्या जागी मला पुरणपोळी मिळाली.

तपासणीत घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलेलं निघालं. काकांना समजावून सांग, त्यांनी फोनवर "म्हणजे शीर का?" असं विचारलं होतं. शीर नव्हे. लिगामेंट म्हणजे एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. तो दोरीसारखा असतो, ओढ बसली तरच धरतो. सांधा त्याच्या हद्दीत हलत असेल तोवर तो सैल पडून असतो, हद्द ओलांडायला लागला की ताठ होऊन अडवतो. रोजच्या चालण्यात त्याची आठवणही येत नाही.

आता माझी चूक. (ही ऑफिसात कुणाला माहीत नाही.) मी हेब्बाळला गोदामातल्या रोबोंच्या हातांचे सांधे बनवते. तिथला नियम सरळ आहे: जोड ढिला झाला तर तो घट्ट करा. त्याच नियमाने मी माझ्या घोट्यासाठी एक साचा काढला, ऑफिसच्या थ्रीडी प्रिंटरवर कडक प्लास्टिकमध्ये छापून घेतला आणि सहा स्क्रूंनी पायावर बसवला. घोटा कोणत्याही दिशेला हलेना. मला समाधान वाटलं. मग स्क्रूची किल्ली पलंगाखाली गेली, आणि तो साचा घालून पलंगाखाली वाकता येत नाही हे मला कळलं.

शेवटी कृष्णाबाईंचे यजमान दामोदरअण्णा हत्यारांची पेटी घेऊन वर आले. आयुष्यभर विमानाच्या कारखान्यात काढलेला माणूस. त्यांनी चष्मा लावून साचा चारी बाजूंनी पाहिला.

"फार छान बनवलंय. कोणी?"

"मीच."

"सरी, बरं. आणि काढायचं कसं, ते कोण ठरवणार होतं?"

फिजिओथेरपिस्ट वेदिका इथे जवळच असते, मूळची ठाण्याची. साचा पाहून ती आधी हसली आणि मग रागावली. "घोटा आहे हा, टेबलाचा पाय नव्हे. इतका आवळून ठेवलास तर आखडेल." तिचं म्हणणं असं की सुरुवातीचे दिवस गेले की लिगामेंटला बेताबेताने ताण द्यावाच लागतो, कारण त्याचे नवे धागे ओढ असेल त्या दिशेने जुळतात. अजिबात ओढ नसेल तर ते कसेही वाढतात. शिवाय पाय कुठे आणि कसा टेकला आहे याची बातमी मेंदूला देण्यात लिगामेंटचाही वाटा असतो. ते फाटलं की बातमी तुटक येते आणि सपाट रस्त्यावरही पाय चुकतो. ती बातमी सुधारायला व्यायाम दिला आहे: दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. शेजारी कुणीतरी असावं, असं तिने दोनदा सांगितलं. ती सोय मी करते आहे.

तेव्हा सूज उतरली आहे, काम घरून चालू आहे, जेवण खालून येतं (नारळासकट). तू चिखलदऱ्याला नाव घाल. इथे तुला करण्यासारखं खरंच काही नाही.

काकांना नमस्कार. शेजारणीशी पुन्हा भांडू नकोस.

तुझी
शमिका

ता. क. सोयीबद्दल. भिंत वापरून पाहिली, पण भिंत एकाच बाजूला असते. कृष्णाबाई येतात, पण शिट्टी झाली की जातात. ऑफिसातला श्रीहर्ष व्हिडिओ कॉलवर शेजारी उभा राहायला तयार आहे.

ता. क. दुसरा. चिखलदऱ्याला या दिवसांत धुकं असतं आणि समोरचं काही दिसत नाही, असं वाचलं. केवळ माहितीसाठी. आणि शनिवारचं नागपूरहून इकडचं तुझं तिकीट मी काढून ठेवलं आहे, खालचा बर्थ. रविवारी तुझा फोन ठेवल्याबरोबर काढलं. रद्द करता येतं.

ता. क. तिसरा. काल एकटीने डोळे मिटून उभी राहिले. पडले नाही. डोळे उघडल्यावर शेजारी कुणी नसणार हे मला माहीत होतं, तरी मान वळवून पाहिलं. तू ये. हात धरायचा नाही, नुसतं जवळ उभं राहायचं आहे.