न आलेल्या पाहुण्यांचं भाडं

चि. देवाजी यास,
मोठ्या बहिणीचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही धडधाकट आहोत, म्हणजे माझे गुडघे सोडून. तुझी पाठ, गोपिकाचा दमा आणि कुहीच्या शेतातलं धान कसं आहे ते कळव. दसऱ्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. (खिडकीवरच्या पोरीनं पाकिटाकडे आणि माझ्याकडे, दोघंही एकाच काळातली असल्यासारखं पाहिलं.) गावात तू सगळ्यांचे तंटे मिटवतोस, तर बहिणीचाही एक मिटव. खोली धरून ऐनवेळी न येणाऱ्या पाहुण्यानं पैसे द्यावेत की नाही?

आपल्या रोशनची नोकरी टिकत नाही, कल्पना मात्र टिकतात. यंदा त्यानं वरची खोली मोबाईलवर भाड्यानं लावली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माणसांचा पूर लोटतो, आपलं घर दीक्षाभूमीपासून चालत जाण्याएवढं, मग फुकट कशाला झोपवायचं, हा त्याचा विचार. पुण्याच्या एका कुटुंबानं खोली धरली आणि माझ्या जिवाला घोर लागला. त्यांना गीझर हवा, कमोड हवा, उशा प्रत्येकी दोन हव्यात. (आपली आई जन्मभर हाताची उशी करून झोपली, तिची मान शेवटपर्यंत ताठ होती.) सगळं केलं. तुमच्या सतरंज्या माळ्यावर टाकून नव्या गाद्या आणल्या. त्या सकाळी चण्याची तर्री उकळली, पोहे निवडून ठेवले, पांढरं लुगडं नेसून फाटकाशी जाऊन उभी राहिले, तर त्यांचा फोन. लिफ्टवालं हॉटेल मिळालं म्हणे. मी पैशाचं विचारलं, तर ती बाई गोड आवाजात म्हणाली, "काकू, आम्ही राहिलोच नाही, तर पैसे कसले?" जसं काही तर्री मी माझ्या हौसेनं पातेलंभर केली होती!

रोशन उलट मलाच म्हणतो, "आई, काहून डोकं तापवून राहिली वं? कधीही रद्द करा, पैसे लागत नाही, असं मीच लिहिलं होतं. त्याबिगर कोणी येतच नाही." लिहून तरी कोण आलं, असं विचारलं तर त्याला तिकडे सदर बाजारात काम निघालं. मग ती तर्री आम्हालाच पुरून उरली.

तर्रीचं मी सोडून देईन रे. पण आपण कोणासाठी घर मोकळं केलेलं असतं, त्यापायी कोणाला नाही म्हटलेलं असतं, हे असल्या लोकांच्या गावीही नसतं, याची फार चीड येते. शब्द मोडणाऱ्याला दंड हवाच. तुझा निवाडा लिहून पाठव, मी तो त्या बाईच्या मोबाईलवर धाडणार आहे.

गोपिकाला जयभीम, पायलला आशीर्वाद.

तुझी ताई,
तुळसा

ता. क. वरच्या खोलीत रंगकाम चालू आहे, यंदा येऊ नका, असं मी तुला आदल्या दिवशी कळवलं होतं. तुझ्या पायलला काल फोन केला, ती म्हणाली, "आत्या, तवा तं आमच्या भाकरीबी बांधून झाल्या होत्या वं." रंगाचा डबा या घरात आलेलाच नाही, देवा.

आणखी एक. पाहुण्यांसाठी फाटक उघडलं, तेव्हा तिथं तांदळाची थैली टेकवलेली होती. दरवर्षीचीच, तोंडाला गोपिकाच्या जुन्या पातळाची चिंधी. म्हणजे तुम्ही फाटकापर्यंत आलात आणि हाक न मारता गेलात. रात्री कुठे पडलात, हे पायलला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटचं. त्या बाईला काही पाठवत नाही. दंड मलाच कर, पण फोन उचलून कर, नाहीतर इथे येऊन कर. सतरंज्या माळ्यावरून काढून उन्हात घातल्या आहेत. तांदूळ तसाच आहे. थैलीची गाठ गोपिकानं येऊन सोडावी, माझ्यानं सुटत नाही.